उत्तराखालच्या दोन रेघा

सोलापूर, रविवार, ता. ८ जानेवारी १९३३

मायना लिहायला बसलो आणि तिथंच अडलो. नऊ वर्षांत तुला एकही पत्र लिहिलेलं नाही, तेव्हा सवय कुठली असणार? वरची जागा कोरी सोडली आहे. पुढं सुचलं तर भरीन.

पत्ता कुठून मिळाला असा प्रश्न तुला पडेल. तुझी कार्डं शेजारच्या लीलाताईंच्या नावानं येतात आणि तुझी आई ती तांदळाच्या डब्यात लपवते, हे मला सहा वर्षांपासून माहीत आहे. तिला वाटतं मला माहीत नाही. तू बार्शीच्या छोट्या गाडीवर गार्ड झालास, हे मी त्या डब्यातच वाचलं. तांदूळ काढायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात जाणारा नवरा हिला कधी खटकला कसा नाही, कोण जाणे.

काम आहे म्हणून लिहितो आहे. आपल्या गल्लीच्या टोकाचा नागप्पा तुला आठवत असेल. तू गेलास तेव्हा अकरा वर्षांचा होता आणि दिवसभर गोट्या खेळायचा. बाप वारला, इंग्रजी पाचवीतून शाळा सुटली आणि आता गिरणीत दोन माग चालवतो. मुंबईच्या ज्या तंत्रविद्यालयाच्या प्रवेशपरीक्षेला तू बसला होतास, त्याच परीक्षेला त्याला बसायचं आहे. ती एप्रिलात पुण्याला होते. गणिताचा एकच पेपर, जागा वीस, आणि वयाची अट एकवीस. नागप्पाला जूनमध्ये एकविसावं पुरं होतं. म्हणजे ही खेप हुकली की जन्मभर तेच दोन माग. त्याच्या आईनं माझ्या दारात येऊन पदर पसरला. मी निवृत्त झालो आहे असं सांगितलं, पण ती कानडीत रडायला लागली आणि माझं काही चाललं नाही.

मला तुझ्याकडून एक माहिती हवी आहे. बारा गणितं आणि तीन तास. तुला बाराही येत होती, हे मी आजही कुणालाही छातीवर हात ठेवून सांगेन. मग घरी येऊन 'दोन झाली' असं तू म्हणालास, ते कसं? त्या दिवशीही मी हे विचारलं होतं, पण ते विचारणं नव्हतं. आज खरोखर कुतूहल म्हणून विचारतो. पहिलं गणित किती वाजता संपलं? मी दिलेलं घड्याळ बाकावर ठेवलं होतंस की खिशात होतं?

त्या दिवशी मी काही बोललो असेन. ते राहू दे. या प्रश्नांची उत्तरं नागप्पाच्या उपयोगी पडतील.

य. रा. मोहोळकर


सोलापूर, रविवार, ता. २९ जानेवारी १९३३

तीन आठवडे झाले, उत्तर नाही. गार्डाला रजा नसते हे समजतं, पण पोस्टकार्डाला किती वेळ लागतो?

नागप्पा गिरणीचा भोंगा झाला की हातपाय धुऊन येतो, कानात कापसाचे तंतू घेऊनच. रविवारी सकाळी येतो. बुद्धी चांगली आहे. बीजगणित झपाट्यानं उचलतो, भूमितीत जरा चाचपडतो. पण त्याला एक घाणेरडी सवय आहे. गणित अडलं की अर्धं टाकून पुढच्याला हात घालतो. त्याच्या वहीची पानं बघून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. इथं एक गणित कमरेपर्यंत केलेलं, तिथं एक गुडघ्यापर्यंत.

माझ्याकडे गणित शिकलेल्या कुणाला सांगायला नको, पण त्याला पहिल्यापासून सांगावं लागलं. उत्तर आलं पाहिजे, उत्तराखाली पट्टीनं दोन रेघा ओढल्या पाहिजेत, आणि त्या रेघा ओढल्याशिवाय पुढच्या गणिताकडे नजरसुद्धा वळता कामा नये. तेहतीस वर्षं मी वर्गात हेच केलं. पानात वाढलेलं टाकायचं नाही, तसं समोर आलेलं गणित टाकायचं नाही. तुझ्या पाटीवर तर तू चार वर्षांचा असल्यापासून त्या रेघा आहेत.

तो म्हणतो, "मास्तर, हे अडलंय न्हवं? ऱ्हाऊ द्या की हितंच. फुडलं करतो."

मी म्हटलं, "आणि हे?"

"हे कुटं पळून जातंय व्हय?"

मी छडी शोधली. वीस वर्षांच्या बाप्याला छडी मारता येत नाही, हे हातात घेतल्यावर लक्षात आलं. मग त्यालाच सांगितलं की ती परत खुंटीला लाव.

आज त्याला पहिल्यांदा पुरा पेपर घातला. अंगणात बसवला, तीन तास, माझ्या रीतीनं. रेघा ओढल्याशिवाय पुढं जायचं नाही. पाच गणितं झाली. चौथ्याला एक तास गेला. गणितं बरोबर होती, रेघा सरळ होत्या, पण पाचांवर वीस जणांत नंबर लागत नाही. तेव्हा वेग वाढवायला हवा. तोंडी आकडेमोड जास्त करून घेतो.

वेळ मी तुझ्या घड्याळावर लावली. म्हणजे माझ्या. तू जाताना आईजवळ ठेवून गेलास ते. चालतं अजून.

य. रा. मो.


सोलापूर, रविवार, ता. १९ फेब्रुवारी १९३३

कार्ड मिळालं. 'घड्याळ खिशात होतं. बाहेर काढून बघायची भीती वाटली. — बा. य. मोहोळकर, गार्ड.' मायना नाही, नमस्कार नाही, आणि सही हुद्द्यासकट. म्हणजे तू बापाला नव्हे, एका मास्तराला उत्तर दिलंस. हरकत नाही, मीही मास्तर म्हणूनच विचारलं होतं. पण 'भीती' हा शब्द मी दिवसभर घेऊन बसलो. गणिताच्या पेपरात भीती? तुला? उन्हाळ्याच्या सुट्टीत जेवायला हाक मारली तरी गणितावरून न उठणारा तू.

आता एक गंमत सांगतो. माझ्या मनाला पटलेली नाही, पण लपवणंही बरं नाही. गेल्या रविवारी मला खोकला झाला होता म्हणून नागप्पाला म्हटलं, आज तुझ्या मनानं कर, मी बघणार नाही. त्यानं पेपर हातात घेतला आणि आधी सगळाच वाचून काढला, जाहिरात वाचावी तसा. पाच मिनिटं गेली. मग सातवं केलं. मग पहिलं. मग अकरावं. चौथं अर्ध्यात टाकलं. मी पांघरुणातून बघत होतो आणि माझा जीव खालीवर होत होता. तीन तासांनी मोजली तर नऊ पुरी आणि एक अर्धं.

पाचाची नऊ! मी म्हटलं पेपर सोपा असेल. एका प्रयोगावरून निष्कर्ष काढणाऱ्यांतला मी नव्हे. म्हणून आज दुसरा पेपर, जरा अवघड, आणि पुन्हा माझ्या रीतीनं. साडेपाच गणितं झाली. तुझी आई दारात तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "त्याला त्याच्या मनानं करू द्या की. तुम्हांला काय, उत्तरं हवीत का रेघा?" मी तिला म्हटलं, तुला यातलं काय कळतं. ती म्हणाली, नाही कळत, आणि आत गेली.

मला खरंच प्रश्न पडला आहे. डोकं तेच, हात तोच, तास तेवढेच. मग फरक कुठून येतो? तुला पेपर आठवत असेल तर मिनिटांचा हिशेब लिही. पहिलं किती मिनिटं, दुसरं किती, आणि तिसऱ्याला काय झालं?

य. रा. मो.


सोलापूर, रविवार, ता. १२ मार्च १९३३

काल मी गिरणीत गेलो होतो.

हसू नको. चौसष्ट वर्षं या गावात काढली, दिवसातून चारदा तो भोंगा ऐकला, त्यावर घड्याळ लावलं, पण फाटकाच्या आत कधी पाऊल टाकलं नव्हतं. नागप्पाच्या खात्यातला जॉबर, म्हणजे मुकादम, बसलिंगप्पा माझ्याकडे गणितात दोनदा नापास झालेला आहे. त्यानं मोठ्या आनंदानं मला आत नेलं. नापास करणाऱ्या मास्तराला धूळ खायला घालायची संधी कोण सोडतो?

आत बोललेलं ऐकू येत नाही. माणसं हातांनी बोलतात. नागप्पा दोन मागांच्या मधे उभा होता, एक डाव्या हाताला, एक उजव्या. मी एका खांबाला टेकून तासभर बघत राहिलो. डाव्या मागावर ताण्याचे चार-पाच धागे तुटले आणि गुंता झाला. माझंच अंग तिकडे धावलं. नागप्पानं तो माग बंद केला, दोन बोटांनी गुंता चाचपला आणि त्याच्याकडे चक्क पाठ फिरवली. उजव्या मागाच्या धोट्यातली सुताची कांडी संपत आली होती. ती बदलली, तो माग चालता केला, आणि मग परत डावीकडे वळून धागे जोडायला लागला. जोडता जोडता पुन्हा उजवीकडे नजर. तासाभरात तो असा चौदा वेळा फिरला. मी मोजलं. एकदाही त्याच्या तोंडावर मला घाबरल्याची खूण दिसली नाही.

बाहेर आल्यावर मी त्याला विचारलं, "डावा माग बंद पडलेला दिसतोय, तरी तुला पाठ फिरवून जाववतं कसं?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. मी काही खुळ्यासारखं विचारलं असावं. म्हणाला, "मास्तर, एक बंद पडला म्हनून दोनी बंद ठिवायचं व्हय? मंग कापड कसं व्हायचं? गुंता काय लगेच सुटतोय? त्येला जरा वेळ द्यावा लागतो. तंवर दुसरं चालू ऱ्हायलं पायजे की."

मी वर्गात काय म्हणायचो ते तुला आठवतं का? 'घड्याळाकडे मजूर बघतो, विद्यार्थ्यानं गणिताकडे बघावं.' दर वर्षी, पहिल्या तासाला. मुलं हसायची. तूही हसायचास, पहिल्या बाकावरून.

तू खिशातून घड्याळ का काढलं नाहीस, ते मला आता कळलं असं वाटतं. अजून पुरतं कळलेलं नाही. तू मिनिटं लिहून पाठव.

य. रा. मो.


सोलापूर, सोमवार, ता. २७ मार्च १९३३

बाळू,

तुझं दुसरं कार्ड शनिवारी आलं. आज तिसरा दिवस आहे आणि ते माझ्या कोटाच्या खिशातून निघालेलं नाही. तू लिहिलंस तसंच इथं उतरवतो, म्हणजे मी नीट वाचलं याची तुला खात्री पटेल.

'पहिलं गणित बारा मिनिटं. दुसरं आठ. तिसरं घंटा होईपर्यंत. मधे एकदा पाचवं वाचलं. ते येत होतं. सहावंही येत होतं. परत तिसऱ्याकडे आलो. रेघा ओढल्या नव्हत्या.'

पहिली दोन वीस मिनिटांत! म्हणजे तू वेळेच्या पुढं होतास. आणि मग एकशे साठ मिनिटं तू त्या एका गणितापुढं बसून राहिलास, येणारी गणितं समोर दिसत असताना, कारण चार वर्षांचा असल्यापासून मी तुझा हात तसा बांधून ठेवला होता. तू आळशी नव्हतास, गोंधळला नव्हतास. तू मी सांगितलेलं ऐकत होतास. सगळ्या सोलापुरात माझं एवढं ऐकणारा दुसरा विद्यार्थी मला मिळाला नाही आणि त्याबद्दल मी त्याला घराबाहेर काढलं.

पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं, 'मी काही बोललो असेन.' ते खोटं होतं. काय बोललो ते मला अक्षर न् अक्षर पाठ आहे. 'तीन तासांत दोन गणितं करणारा माझा मुलगा नव्हे.' आईसमोर, लीलाताईंसमोर, दारात उभ्या असलेल्या माझ्या दोन विद्यार्थ्यांसमोर. तू घड्याळ काढून आईच्या हातात दिलंस.

आणखी एक आहे. ते कुणालाच ठाऊक नाही, आईलाही नाही. तू गेल्यावर चार दिवसांनी मी तुझी प्रश्नपत्रिका घेऊन बसलो. तिसरं गणित ते शंकूच्या भांड्याचं. पाण्यानं भरलेला शंकू, त्यात गोळा सोडला, तो अर्धवटच बुडतो, पाणी किती सांडलं? मी ते सोडवलं. मला दोन दिवस लागले, बाळू. दोन दिवस, घरात, चहा पीत, पुस्तकं उघडून. तेव्हाच मला तुला शोधायला निघायला हवं होतं. मी उत्तराखाली दोन रेघा ओढल्या, कागद पेटीत ठेवला आणि गप्प बसलो. मला लाज वाटली. नऊ वर्षं ती लाज मी राग म्हणून मिरवली.

मला क्षमा कर असं लिहिणं मला जमत नाही असं समजून मी बसलो होतो. जमलं. मला क्षमा कर.

अण्णा


सोलापूर, रविवार, ता. ९ एप्रिल १९३३

बाळू,

उत्तर आलं नाही, आणि मी ते मागण्याचा हक्क सांगत नाही. पण नागप्पासाठी लिहावंच लागतंय. घोटाळा झाला आहे, आणि तो मी केला आहे.

गिरणीतून आल्यापासून मी त्याला म्हणतो आहे, तुझ्या रीतीनं कर, रेघा विसर. पण आता त्याला जमेना. जानेवारीपासून मी त्याच्या हाताला जे वळण लावलं ते बसलं. मागाला पाठ दाखवणारा हा पोरगा गणिताला पाठ दाखवू शकत नाही. आज पेपर घातला. दुसरं गणित अडलं. मी ओरडलो, "सोड ते!" त्यानं तिसऱ्याचा आकडा टाकला, पुन्हा दुसऱ्याकडे आला. असं चारदा. पाऊण तास गेला. घाम पुसत म्हणाला, "मास्तर, रेघ न्हाय मारली तर हातच फुडं जात न्हाय बघा. काय झालंय काय कळंना." एकूण सहा.

परीक्षा चोवीस तारखेला, सोमवारी. पंधरा दिवस राहिले. त्याची आई मारुतीला तेल घालते आहे आणि मला भेटली की माझ्याच पाया पडते. मला तोंड लपवायला जागा नाही. दोन महिने थट्टेवारी नेलेली एक रीत मी त्याच्याकडून काढून घेतली, आणि ती परत कशी द्यायची ते मला माहीत नाही.

हा रोग या जगात दोघांनाच झालेला आहे. त्यातला एक तू. त्यातून तू बाहेर आलास का, कसा आलास? गाडी अडकली तर तू काय करतोस? माझ्यावर राग असेल तर असू दे. त्याला दोन ओळी लिही.

अण्णा


सोलापूर, रविवार, ता. २३ एप्रिल १९३३

बाळू,

तुझं कार्ड नागप्पाच्या नावानं आलं. ते त्यानं मला वाचायला दिलं. खोटं कशाला बोलू, माझ्या नावानं असतं तर बरं वाटलं असतं. ते सोड. कार्ड मला तोंडपाठ झालं आहे.

'नागप्पा, अडलास की जिथं थांबलास तिथंच खाली दोन रेघा ओढ, आणि पुढचं घे. हाताला रेघा हव्या असतात. वर उत्तर आहे की नाही ते हात बघत नाही. घंटेला वेळ उरला तर त्याच रेघांच्या खाली पुढं लिही. घड्याळ बाकावर ठेव. एका गणिताला पाव तास, त्यापुढं रेघा. सिग्नल पडला नाही म्हणून कुठला गार्ड खाली उतरून सिग्नल ओढत बसत नाही. — बाळू मोहोळकर.'

वाचल्यावर अर्धा तास मला राग आला. अर्धवट गणिताखाली दोन रेघा! माझ्या आयुष्यभराच्या खुणेची तू अशी वाट लावलीस. मग मी स्वतः करून पाहिलं. पेटीतून तो शंकू काढला, नव्या कागदावर पुन्हा मांडला, आणि मुद्दाम मधेच थांबून खाली रेघा ओढायला पट्टी घेतली. दोनदा ती खाली ठेवली. तरी ओढल्या. काही झालं नाही. छत पडलं नाही. पुढचं गणित निमूट समोर येऊन बसलं.

नागप्पाला तर पहिल्याच दिवशी जमलं. हसत होता. "ल्हान पोराला फसवून औशीद पाजतात तसं झालं की हे," म्हणाला. शेवटच्या पेपरात दहा झाली. मी त्याला आणखी एक सांगितलं, ते माझ्या पदरचं आहे: शेवटची वीस मिनिटं नवं काही घ्यायचं नाही, रेघा मारून सोडलेल्यांकडे फिरायचं. आणि उत्तर नाही आलं तरी पायऱ्यांना गुण असतात. हे वाक्य मी तेहतीस वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं. परीक्षक म्हणून मी पायऱ्यांना गुण देतही नसे. किती जणांचं नुकसान केलं, मोजवत नाही.

काल दुपारच्या गाडीनं तो पुण्याला गेला. घड्याळ त्याच्याजवळ दिलं आहे. तुला विचारायला हवं होतं, पण वेळ नव्हता. तुझ्या आईनं त्याच्या फडक्यात दशम्या आणि शेंगांची चटणी बांधली. स्टेशनावर ती इतकी रडली की लोकांना वाटलं तिचाच मुलगा चालला आहे.

अण्णा


सोलापूर, रविवार, ता. २१ मे १९३३

बाळू,

निकाल काल आला. वीस जागांत सतरावा. नागप्पानं ते पाकीट गिरणीच्या फाटकात फोडलं आणि तसाच धावत आमच्याकडे आला, बसलिंगप्पाला न विचारता. त्याची एका दिवसाची मजुरी कापली जाईल, पण त्याला त्याचं काही नाही. त्याची अव्वा दारात बसून कानडीत हसते आहे. हसणंही कानडीत असतं हे मला काल कळलं.

परीक्षेची हकीकत मी त्याच्याकडून पाच वेळा ऐकली. मला पुरत नाही. पेपर हातात आल्यावर पाच मिनिटं सगळा वाचला. शेजारचे लिहायला लागले तरी वाचत राहिला. चौथ्याला अडला, पाव तास झाला, रेघा. नवव्याला अडला, रेघा. तिथं फिरणारा परीक्षक थांबून वाकून बघायला लागला, की हा गृहस्थ अर्ध्या गणिताखाली रेघा का मारतो! नागप्पानं वर बघितलंच नाही. शेवटच्या वीस मिनिटांत परत फिरला. नववं दोन ओळींत सुटलं. तो म्हणतो, "तंवर आपोआप सुटून बसलं हुतं बघा, गुंता ढिला व्हावा तसं." चौथं सुटलं नाही. जिथवर आलं होतं तिथंच राहिलं. त्याचं त्याला काही वाटत नाही.

घड्याळ त्यानं आणून दिलं. मी म्हटलं, मुंबईला घेऊन जा. तो म्हणाला, "न्हाय मास्तर. हे बाळूदादांचं हाय."

त्यानंतर मी अंगणात येरझाऱ्या घालत राहिलो. तुझी आई म्हणाली, "जायचं असेल तर जाऊ या. असे फेऱ्या मारून बार्शी यायची नाही." मी मुद्दामच विचारलं, पत्ता आहे का तुझ्याकडे? ती लाजली. मग तांदळाचा डबाच पुढ्यात आणून ठेवला. मी आजवर तो उघडत होतो हेही सांगून टाकलं. ती म्हणाली, "माहीत आहे. कार्डं उलटी ठेवत होतात तुम्ही." सहा वर्षं ती माझ्यासाठीच कार्डं तिथं ठेवत होती. या घरात गणित कुणाला येतं, असा मला प्रश्न पडला आहे.

शनिवारी सकाळच्या गाडीनं आम्ही दोघं निघतो. कुर्डुवाडीला उतरून तुझी छोटी गाडी. तू त्या दिवशी कामावर असशील तर तुझ्याच गाडीनं येऊ, नसशील तर तू असशील तिथं. यायला नको असं तुला वाटत असेल तर कार्ड टाक. आलं नाही तर मी त्याचा अर्थ माझ्या सोयीचा लावीन.

घड्याळ आणतो आहे. शंकूचा माझा कागद मात्र आणत नाही, तो मी फाडला. मला त्याचं उत्तर नको. तू त्या दिवशी एकशे साठ मिनिटांत कुठवर आला होतास, तेवढं मला बघायचं आहे. तुला आठवत असणार, मला खात्री आहे. जिथं थांबला होतास तिथपर्यंत मांडून दाखव. मी एकेका पायरीला गुण देईन.

नऊ वर्षांपूर्वी दारात उभं राहून मी जे वाक्य बोललो, त्याखाली मी दोन रेघा ओढून बसलो होतो. तूच नागप्पाला शिकवलंस की वेळ उरला असेल तर त्या रेघांच्या खालीही लिहिता येतं. मी चौसष्ट वर्षांचा आहे. माझा थोडा वेळ उरला आहे.

पहिल्या पत्रात मायन्याची जागा कोरी सोडली होती. ती आता भरतो.

चिरंजीव बाळू यास अण्णांचे अनेक आशीर्वाद.